उंबरा आणि समुद्र

२४ डिसेंबर १९८५. साने गुरुजींचा जन्मदिवस. त्या दिवशी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा तिचे म्होरके बाबा आमटे सत्तरी ओलांडलेले होते. पाठीच्या कण्याच्या जुन्या दुखण्याने त्यांचं बसणं हिरावून घेतलं होतं. उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं, एवढंच त्या शरीराला जमत होतं. बरोबरची तरुण मुलंमुली सायकलींवर आणि बाबा गाडीतल्या बिछान्यावर, असा तो ताफा काश्मीरपर्यंत गेला. १९८८ मध्ये बाबा पुन्हा निघाले, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत. या यात्रांमागच्या विचारावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण त्या गाडीकडेही एकदा निरखून पाहायला हवं. बसता न येणाऱ्या माणसाने देश ओलांडायचा, तर त्याला बसावं लागताच कामा नये, हे आधी ठरलं आणि बाकीचं सगळं त्याभोवती जुळवलं गेलं.

नाशिकच्या एखाद्या सोसायटीत राहणारी, पक्षाघातानंतर किंवा अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आलेली बाई जेव्हा म्हणते, ‘मला बोटीने गोव्याला जायचंय,’ तेव्हा तिच्या घरात नेमकं याच्या उलट घडतं. तारीख ठरते, बोट ठरते, हॉटेल ठरतं, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, ‘पण आईचं कसं करायचं?’ त्यावर घरातला सगळ्यात प्रेमळ माणूस उत्तर देतो, ‘त्यात काय, उचलून घेऊ.’

मनापासून म्हटलेलं हे वाक्यच या विषयातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

आपल्याकडे चाकाच्या खुर्चीवरचा माणूस घराबाहेर पडतो तो दवाखान्यासाठी, जवळच्या लग्नासाठी आणि देवासाठी. तिन्ही वेळा नेणाऱ्याच्या पदरात कर्तव्य, आपुलकी किंवा पुण्य पडतं. श्रावणबाळाची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेले आपण. ती गोष्ट वाहणाऱ्याची आहे, कावडीत बसलेल्या दोघांची नाही. त्यामुळे नुसत्या मौजेसाठी, डेकवर वारा खात लाटा बघण्यासाठी कुणी निघायचं म्हटलं, की खर्च आणि खटाटोप एकदम अवास्तव वाटू लागतो. जगाने मात्र हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला, आणि त्याच्या तिसाव्या कलमात करमणूक, फुरसत आणि खेळ यांच्याबरोबर पर्यटनाच्या ठिकाणांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही संस्कृती आणि करमणुकीसाठी स्वतंत्र कलम आहे. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले. गुडघे गेलेले, संधिवाताने आखडलेले, पार्किन्सन्सने पाऊल अडखळणारे आजी-आजोबा त्या आकड्यात बहुतेक नाहीतच. सहलीच्या बसमध्ये ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते’ म्हणणारी माणसं ती हीच.

नाशिक हे तर पायऱ्यांचं गाव. गोदाघाटावर पाण्यापर्यंत जायचं तर पायऱ्या, पांडवलेण्यांना जायचं तर दोनशेच्या घरात पायऱ्या, जुन्या वाड्यांच्या जोत्यांना पायऱ्या. पण याच जिल्ह्यात याचं उत्तरही उभं आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर देवीपर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागत. २०१८ मध्ये तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, म्हणजे डोंगराच्या तिरक्या उतारावर रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा, आणि गुडघ्यांपायी ज्यांनी गड सोडला होता त्यांना तो परत मिळाला. डोंगर आहे तिथेच आहे, भाविकांचे गुडघेही तेच आहेत. बदलली ती फक्त मधली व्यवस्था.

समुद्राच्या सहलीची आखणी म्हणजे अशा ‘मधल्या’ जागांची आखणी. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला पल्ला सहसा अडवत नाही. नाशिकहून मुंबई, मुंबईहून गोवा, गोव्याहून कोची, खुर्चीत बसलेल्याला हे अंतर इतरांइतकंच. अडवतात ते सांधे. फलाट आणि डबा यांच्यामधली फट, धक्का आणि बोट यांच्यामधली फळी, केबिन आणि तिच्या न्हाणीघरामधला उंबरा. हजार किलोमीटरचा बेत दोन इंचांवर मोडतो.

पहिला सांधा नाशिकरोडलाच लागतो. आपल्याकडचा उंच फलाट रुळापासून पाऊण मीटरच्या थोडा वर असतो आणि डब्याची जमीन सव्वा मीटरच्या आसपास. मधे उरतात चाळीसेक सेंटिमीटर. खुर्चीच्या उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. या हिशेबाने डब्यात शिरायला सोळा फुटांचा उतार लागेल. स्थानकांवर मिळणारे हलवता येणारे उतार त्याहून बरेच आखूड असतात, म्हणून ते उभे चढतात आणि मागून ढकलायला दोन जाणती माणसं लागतात. (एकास बारा हेही हातांच्या दृष्टीने सोपं नाही. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचा चढ एकास सदतीस आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात.) जिथे उतारच नाही तिथे हमाल येतात आणि उचलतात.

उचलणं म्हणजे काय, हे मुंबईच्या विराली मोदी यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं. गाडीत चढवताना उचलणाऱ्या हमालांनी त्यांच्या शरीराशी गैरवर्तन केलं होतं, आणि हे एकापेक्षा जास्त वेळा घडलं होतं. त्यांनी ‘माय ट्रेन टू’ या नावाने मोहीम उघडली, लाखो लोकांनी त्यांच्या अर्जावर सह्या केल्या, आणि एर्नाकुलमसारख्या स्थानकांवर हलवता येणारे उतार आणि डब्याच्या बोळातून जाऊ शकतील अशा अरुंद खुर्च्या आल्या. प्रेमाने उचलणारा मुलगा आणि हात कुठेही लावणारा अनोळखी माणूस यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे हे खरं. पण दोन्ही वेळा शरीर दुसऱ्याच्या ताब्यात जातं, आणि कुणाच्या ताब्यात जायचं हे ठरवायला जागा उरत नाही. सोळा फुटांचा उतार ती जागा परत देतो.

मुंबई–शिर्डी वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून नाशिकरोडवरून धावते. वंदे भारतच्या टोकाच्या डब्यांमध्ये खुर्ची उभी करायला जागा आणि आत खुर्ची जाईल असं शौचालय आहे. जुन्या गाड्यांमध्ये दिव्यांगांचा डबा टोकाला असतो, आणि गाडी पाचच मिनिटं थांबणार असेल तर तो फलाटाच्या कुठल्या बाजूला येणार हे आदल्या दिवशी विचारून ठेवणं तिकिटाइतकंच महत्त्वाचं. दिव्यांगांची भाडेसवलत चालू आहे. एकट्याने प्रवास करणं शक्य नसलेल्यांच्या सोबत्यालाही ती मिळते. उतरायला मात्र सीएसएमटीसारखं सोयीचं स्थानक मुंबईत दुसरं नाही. ते शेवटचं स्थानक. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे रूळ तिथे संपतात आणि सगळे फलाट एकाच सपाट जागेत येऊन मिळतात. पूल चढावा लागत नाही, लिफ्ट शोधावी लागत नाही. तिथून क्रूझ जिथून सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का जवळच. ज्यांनी कधी खुर्ची ढकललेली नाही त्यांना या सपाटीचं मोल कळणार नाही. ज्यांनी ढकलली आहे ते दादरऐवजी सीएसएमटी निवडतील.

रस्त्याने जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा असतो, आणि त्याबद्दल घरातसुद्धा मोकळेपणी बोललं जात नाही. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणं, ही आपल्याकडच्या कितीतरी बायकांची सवय आहे. वाटेत जाता येईल असं शौचालय मिळेल याची खात्री नसते. खुर्चीवरच्या बाईसाठी ही सवय घातक ठरते, कारण मज्जारज्जूला इजा झालेल्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो आणि कमी पाणी हे त्याला आमंत्रण असतं. इगतपुरीपासून पुढचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून मुंबई जवळ आली. तरी निघण्याआधी दोन थांबे फोनवर पक्के करावेत आणि प्रश्न थेट विचारावा: शौचालयाला पायरी आहे का, दार किती रुंद आहे, कमोड आहे का, दार आतून लागतं का. लाजायचं काहीच कारण नाही. सहलीच्या पहिल्या चार तासांत तहानलेलं राहावं लागणार असेल, तर ती सहल त्या बाईसाठी आखलेलीच नाही.

आता बोट. मुंबईहून गोव्याला बोटीने जाणं मराठी माणसाला नवं नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणची किनारपट्टी धरत जाणाऱ्या आगबोटी दोन पिढ्यांनी पाहिल्या. वाटेतल्या बंदरांत आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावात उतरत; खाली हेलकावणारं पडाव, वर हात देणारे खलाशी. लाकडी पेट्या, कोंबड्या आणि म्हाताऱ्या माणसांना एकाच पद्धतीने खाली सोडलं जाई. आजच्या क्रूझला वातानुकूलित नाट्यगृह आहे, पोहण्याचा तलाव आहे, तरी पडावाचा प्रश्न संपलेला नाही. २०२१ पासून मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया क्रूझेसची ‘एम्प्रेस’ लक्षद्वीपला जाते तेव्हा बेटाबाहेर नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या होड्यांमधून किनाऱ्याला जातात. अशा बंदरात खुर्ची उतरेल की नाही हे त्या दिवशीच्या लाटा ठरवतात. गोव्यात मुरगाव आणि केरळात कोची इथे मात्र जहाज धक्क्याला लागतं. म्हणून पहिल्या सफरीसाठी लक्षद्वीपचा मोह टाळून गोवा किंवा कोची निवडावं, हे शहाणपणाचं.

‘एम्प्रेस’ १९९० मध्ये फ्रान्सच्या सेंट-नझेर इथल्या गोदीत बांधली गेली आणि पुढे ती अनेक वर्षं अमेरिकेच्या बाजूला चालली. तेव्हाच्या जहाजांवर साध्या केबिनचं दार दोन फुटांच्या आतबाहेर असे, आणि घडीची साधी खुर्चीसुद्धा पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते. दिव्यांगांसाठीच्या केबिनचं दार बत्तीस इंचांच्या वर लागतं, आत खुर्ची गोल फिरवायला पाच फुटांची मोकळी जागा लागते, आणि न्हाणीघराला उंबरा नको. अशा केबिन कुठल्याही जहाजावर मोजक्याच असतात, त्यामुळे तारखा ठरवून केबिन मागू नये. केबिन ज्या तारखांना मोकळी असेल त्या तारखा घ्याव्यात. बुकिंग करणारा म्हणतो, ‘व्हीलचेअर चालते हो आमच्याकडे.’ तो खोटं बोलत नाही. लॉबीत चालते, लिफ्टमध्ये चालते, जेवणाच्या दालनात चालते. न्हाणीघरात चालते का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून इंचपट्टी धरून काढलेला केबिनचा व्हिडिओ मागावा, आणि तो पाहायला जिची सहल आहे तिलाच बसवावं. पलंगाच्या कुठल्या बाजूने ती खुर्चीवर सरकते, उजव्या की डाव्या, हे तिच्याइतकं नीट मुलालाही ठाऊक नसतं.

धक्क्यावरून जहाजात नेणाऱ्या शिडीवाटेचा उतार भरती-ओहोटीने बदलतो. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर खालीवर होतं. तेवढ्या फरकाला एकास बाराचा उतार द्यायचा तर पन्नासेक मीटर लांब वाट बांधावी लागेल. गेटवेच्या पायऱ्यांवरून घारापुरीच्या लाँचमध्ये चढणं कधी सोपं आणि कधी अशक्य का वाटतं, याचं कारणही हेच. कोकणातल्या जुन्या माणसांकडे याचा सोपा हिशेब असे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला साधारण सहाला भरती, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. दिनदर्शिका पाहून मुहूर्त काढणाऱ्या घरांनी सफरीची तारीख काढताना तिथी याही कारणासाठी पाहावी. मांडव्याला जायचं असेल तर गोष्ट आणखी सोपी. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून निघणाऱ्या रो-रो बोटीत गाडी थेट आत जाते, त्यामुळे धक्का आणि बोट यांच्यामधली फळी पायी ओलांडावी लागत नाही. मोठ्या सफरीआधीची रंगीत तालीम म्हणून अलिबागची ही फेरी उत्तम.

तालीम नाशिकमध्येही करता येते, आणि करावीच. गंगापूर धरणाच्या बाजूला एक दिवस, शहरातल्याच हॉटेलात एक रात्र. अनोळखी पलंगाची उंची किती पुरते, खुर्चीत सलग किती तास बसवतं, शरीराचा भार हलवण्यासाठी दर थोड्या वेळाने काय करावं लागतं, कुठली गादी घ्यावी, विजेवरच्या खुर्चीची बॅटरी कुठल्या जातीची आहे आणि किती पुरते, या सगळ्याची उत्तरं गावातच मिळतात. बॅटरीची जात विमान कंपनीलाही कळवावी लागते. विमानाने जाणाऱ्यांनी मदतीची मागणी ४८ तास आधी नोंदवायची असते, आणि ती नोंदवताना तीन वर्गांतला फरक ठाऊक हवा: पायऱ्या चढता येतात पण लांब चालता येत नाही, पायऱ्याही चढता येत नाहीत, किंवा आसनापर्यंत पूर्ण मदत हवी. पहिला वर्ग लिहिला गेला तर विमानाच्या शिडीपाशी खुर्ची थांबते आणि पुढे पुन्हा तेच: उचला. जहाजावर चढल्यावर सुटण्याआधी आपत्कालीन कवायत होते. संकटात लिफ्ट बंद असतात, तेव्हा आपल्याला कोण आणि कशावरून खाली नेणार, हे त्या कवायतीतच विचारून घ्यायचं.

जहाजातून उतरल्यानंतरच्या टप्प्यात गोवा आणि कोची यांनी जे करून दाखवलं आहे ते महाराष्ट्राने पाहण्याजोगं आहे. मांडवी नदीवरच्या जुन्या फेरीबोटीला पुढे लोखंडी झडप असते. ती काठावर टेकली की माणसं, सायकली, मोटारी एकाच उतारावरून आत जातात. खुर्चीसाठी म्हणून ती बनवलेली नव्हती, तरी खुर्ची चालते. गोव्यात जानेवारी २०२३ पासून ‘पर्पल फेस्ट’ हा दिव्यांगांचा मोठा उत्सव सुरू झाला आणि तरंगत्या खुर्च्यांवर बसून माणसं समुद्रात उतरली. कोचीत २५ एप्रिल २०२३ ला वॉटर मेट्रो सुरू झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या तिच्या विजेच्या बोटी तरंगत्या धक्क्याला लागतात. पाणी चढलं की धक्का चढतो, उतरलं की उतरतो, आणि बोटीची व धक्क्याची जमीन एका पातळीत राहते. खुर्चीवरची प्रवासी कॉलेजच्या मुलांच्या रांगेतूनच आत येते आणि खिडकीशी थांबते. तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूवरून पाण्यापर्यंत जाणारी लाकडी वाट झाली, दोनच आठवड्यांत चक्रीवादळाने तिचं नुकसान केलं, आणि ती पुन्हा उभी करण्यात आली. ७२० किलोमीटरची किनारपट्टी असलेल्या महाराष्ट्रात अशी कायमची वाट प्रत्येक मोठ्या किनाऱ्यावर असायला हवी.

पाण्याशी खुर्चीवरच्या माणसांचं नातं निराळं असतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेऊन आले. पाण्यात पायरी नसते, उंबरा नसतो; जमिनीवर मात्र ते ओलांडावेच लागतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तरुणपणी कमरेखाली लुळ्या झाल्या. नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आत्मचरित्राला नाव दिलं ‘चाकाची खुर्ची’. त्यांच्या संस्थेतून किती मुलं शिकली, कामाला लागली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिक्षण आणि नोकरी या दोन गोष्टी आपण थोड्याफार मान्य केल्या. तिसरी, सुट्टी, अजून मान्य व्हायची आहे. मुंबईच्या परविंदर चावला संधिवाताने खुर्चीवर आल्या आणि त्यांनी पन्नासहून अधिक देश पाहिले, त्यातले कितीतरी एकटीने. त्यांच्याबद्दल वाचताना आपल्याला धाडस दिसतं. त्यांना दिसत असणार तो मुख्यतः आगाऊ विचारलेल्या प्रश्नांचा गठ्ठा.

नाशिकमधल्या पुष्कळ घरांतली मुलं आता सिॲटलला, कॅलिफोर्नियात आहेत, आणि आईबाबा आले की त्यांना अलास्काची क्रूझ घडवणं हा तिथला रिवाज झाला आहे. समुद्र आणि जमीन एकत्र जोडलेली सहल म्हणजे काय हे तिथे पाहावं. जहाज केचिकन, जुनो, स्कॅग्वे या बंदरांना धक्क्याला लागतं. स्कॅग्वेहून व्हाइट पासला चढणाऱ्या, १९०० मध्ये पुऱ्या झालेल्या अरुंद रुळांच्या गाडीत खुर्ची वर घेणारी लिफ्ट असलेले डबे आहेत. पुढे काचेच्या छताच्या रेल्वेने डेनालीपर्यंत जाता येतं. हे सौजन्यातून आलेलं नाही. अमेरिकेत १९९० चा दिव्यांग कायदा आहे, आणि परदेशी झेंड्याखाली चालणाऱ्या क्रूझ जहाजांना तो लागू नाही असा दावा झाला तेव्हा काही दिव्यांग प्रवासी नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या विरोधात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. ६ जून २००५ ला निकाल लागला: अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही हा कायदा लागू होतो. आज अलास्काच्या डेकवर नाशिकची आजी खुर्चीतून हिमनदी पाहते, त्यामागे ह्यूस्टनहून निघालेल्या त्या प्रवाशांची तक्रार आहे.

आपल्याकडेही न्यायालय मागे राहिलेलं नाही. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष केवळ शिफारसी म्हणून ठेवता येणार नाहीत. सरकारला त्यातले किमान निकष सक्तीचे करावे लागतील, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ ला खुलं झालं. देशात क्रूझ पर्यटन वाढवण्याची सरकारी मोहीम त्याआधी वर्षभर सुरू झाली होती. जहाजं येतील, धक्के होतील, जाहिराती निघतील. आत्ताच बांधलं जात असताना तरंगता धक्का आणि रुंद दार घालून घेणं स्वस्त आहे. नंतर फोडून घालणं महाग आणि बहुतेक वेळा अर्धवट होतं.

हीच गोष्ट नाशिकच्या घरच्या अंगणातही खरी आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. घाटांवर, रस्त्यांवर, स्थानकात कामं चालू आहेत, आणि गोदावरीच्या पाण्यापर्यंत एकास बाराच्या उताराने, कठडे धरून, कुणीही न उचलता जाता येईल अशा वाटा याच कामांत बसवता येतात. पाण्याला हात लावायला येणाऱ्या कितीतरी माणसांचा आयुष्यातला तो शेवटचा सिंहस्थ असेल. त्यांना खांद्यावरून नेणारे स्वयंसेवक नाशिकला कमी पडणार नाहीत, पण उतार झाला तर त्या स्वयंसेवकांना दुसरी पुष्कळ कामं आहेत.

आणि सहली विकणाऱ्या मंडळींना एक विनंती. महाराष्ट्राने देशाला उत्तम प्रवास कंपन्या दिल्या आहेत. नाश्त्याला काय मिळेल हेसुद्धा त्यांच्या पत्रकात छापलेलं असतं. त्याच पत्रकात प्रत्येक मुक्कामापुढे आणखी एक ओळ छापा: पायऱ्या किती, न्हाणीघराचं दार किती इंच, उंबरा आहे की नाही, बस खाली झुकते का किंवा तिला लिफ्ट आहे का, बोट धक्क्याला लागते की मधे होडी आहे. आकडे वाईट असले तरी छापा. ते वाचून कुणी येईल, कुणी येणार नाही, पण जायचं की नाही हे ज्याचं त्याला घरी बसून ठरवता येईल.